लाउस्टचं मत

एब्बा ओडगोरचा नवरा खोटं बोलत नसे, ही तिच्या संसारातली सगळ्यात मोठी अडचण होती. इतरांचे नवरे पितात, पत्ते कुटतात, रविवारी सकाळी मासे धरायला जातो म्हणून सांगून भलतीकडेच जातात. लाउस्टचं तसं काही नव्हतं. मासा कसा झालाय असं विचारलं की तो दोन घास नीट चावून खाई आणि जे असेल ते सांगून टाकी. त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच वर्षी एब्बाने विचारणं सोडून दिलं.

कोपनहेगनपासून दूर, पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यू भागातली माणसं मुळातच शब्द जपून वापरतात. बाहेर पश्चिमेचा वारा एवढा असतो की बोलायला तोंड उघडलं तर वाळूच आत जायची, असं ती स्वतःच म्हणतात. पण लाउस्ट त्यांच्यातही कंजूष. लग्नाच्या जेवणात एब्बाच्या वडिलांनी पाऊण तास भाषण केलं, मामाने सोळा कडव्यांचं गाणं रचून आणलं होतं, ते सगळ्यांनी म्हटलं. मग नवऱ्यामुलाची पाळी आली. लाउस्ट उठला, पेला उचलला, "तर मग, झालं," एवढं म्हणाला आणि खाली बसला. पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण त्याच्या मानाने ते बरंच लांबलेलं भाषण होतं.

एब्बा तशी बोलकी. फ्योर्ड, म्हणजे समुद्राची खाडी, ओलांडून मोर्स बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवर तिने उभा जन्म तिकिटं फाडली आणि कॉफी विकली. फेरी पलीकडे पोचायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यातही माणसं तिच्या खिडकीशी येऊन काय काय सांगून टाकायची. कोणाचा जावई, कोणाचा गुडघा, कोणाचं मोडलेलं लग्न. निवृत्त झाल्यावर हे सगळं डोक्यात गर्दी करायला लागलं, तेव्हा तिने ते लिहून काढलं. एक बाई आहे, नवरा गेल्यापासून ती रोज फेरीवर चढते, पलीकडे जाते, उतरत नाही, तशीच परत येते. आणि तिकीट फाडणारी तिला कधीच काही विचारत नाही, फक्त कॉफी देते. एवढीच कादंबरी. 'पलीकडचा धक्का' या नावाने एका लहानशा प्रकाशनाने ती छापली, त्यालाही आता चौदा वर्षं झाली.

आता गंमत अशी की एब्बाच्या घरात पुस्तकांबद्दल मत देणारा, चांगला शिक्कामोर्तब झालेला माणूस बसलेला होता. लाउस्ट गावच्या शाळेत शिक्षक होता आणि त्याशिवाय पंचवीस-तीस वर्षं तो ग्रंथालयांसाठी परीक्षणं लिहीत आला होता. नवीन पुस्तक टपालाने घरी येई. त्याने ते वाचायचं आणि अर्ध्या पानात तीन गोष्टी लिहून पाठवायच्या: पुस्तकात काय आहे, ते कसं आहे, आणि त्यासारखी आणखी कोणती पुस्तकं आहेत. ते अर्धं पान वाचून देशभरातली ग्रंथालयं ठरवत, घ्यायचं की नाही. म्हणजे देशाच्या एका टोकाच्या स्कायनपासून दुसऱ्या टोकाच्या बोर्नहोमपर्यंत प्रत्येक गावाला लाउस्टचं मत ठाऊक होतं. घरात मात्र कोणाला ते मिळत नसे.

'पलीकडचा धक्का'च्या प्रती आल्या त्या दिवशी एब्बाने एक काढून त्याच्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा नियम मोडून विचारलं, "कसं आहे?"

लाउस्टने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाला, "पुठ्ठा चांगला आहे."

चौदा वर्षं एब्बाने हे वाक्य पोटात ठेवलं होतं. पुस्तक आठवडाभर त्याच्या उशाशी दिसलं, मग फळीवर गेलं. तो बोलला नाही, तिने विचारलं नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं की त्याला ते आवडलेलं नाही, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून बिचारा पुठ्ठ्यावर गेला. राग तिला आला नाही. नुसतं दुःख झालं, आणि ते काही गेलं नाही.

इथवर हे तसंच चालून गेलं असतं. पण जुलैच्या शेवटी प्रकाशनाच्या बाईचा फोन आला. प्रकाशन आता बंद होणार होतं, शेवटची चार पुस्तकं काढायची होती. एब्बाकडे दुसरं काही लिहिलेलं असेल तर ऑगस्ट संपायच्या आत पाठव, म्हणाली. एब्बाकडे होतं. नाताळच्या टेबलक्लॉथखाली, खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. सहा वर्षं ती चोरून लिहीत होती, लाउस्ट बागेत बटाटे खणायला गेला की. पाठवायचं की नाही, हाच प्रश्न होता. पहिलंच जर इतकं वाईट असेल की लाउस्टसारख्या माणसाला पुठ्ठ्यावर यावं लागलं, तर दुसरं जगापुढे मांडून त्याला आणखी कशाला शरमिंदं करायचं? आणि सरळ विचारावं, तर तो खरं सांगेल. त्याचीच तिला भीती होती.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या दारावर चिठ्ठी लागली: बुधवारी सकाळी, परीक्षणांच्या संग्रहात पुस्तकं कशी शोधावीत, शिकवणार सिसेल. कॉफी आणि गरम पाव. सगळी जुनी परीक्षणं आता संगणकावर होती आणि ग्रंथालयाचं कार्ड असलेल्या कोणालाही ती वाचता येत होती. एब्बाने चिठ्ठी दोनदा वाचली. लाउस्टला काय आवडतं आणि काय नाही हे त्याच्याच लेखणीतून कळलं, तर पुठ्ठ्याचा अर्थ आपला आपल्याला लावता येईल, असं तिला वाटलं.

"बुधवारी मी ग्रंथालयात जाणार आहे," ती लाउस्टला म्हणाली. "गरम पाव असतात."

"असतात," लाउस्ट म्हणाला.

वर्गात पाच-सहा म्हातारी मंडळी होती. एब्बाच्या शेजारच्या खुर्चीत फ्रोडे बसला होता, त्यांच्याच रस्त्यावर राहणारा. जन्मभर डुकरं पाळली, आता मुलाकडे सोपवून वाचायला लागला होता. त्याला ट्रॅक्टरवरची पुस्तकं हवी होती. पण हल्ली ट्रॅक्टर म्हणून घरी न्यावं तर विसाव्या पानावर कोणीतरी कोणाच्या तरी प्रेमात पडायचं आणि ट्रॅक्टर गोठ्यातच राहायचा, अशी त्याची तक्रार होती. सिसेल ही तिथली ग्रंथपाल, पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने फ्रोडेला दाखवलं की नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाची खूण टाकली की तो शब्द असलेली परीक्षणं गळून जातात. फ्रोडेला खूण भलतीच आवडली. त्याने प्रेम वजा केलं, घटस्फोट वजा केला, बालपण वजा केलं, शेवटी कोपनहेगन वजा केलं.

"आता काहीच येत नाही," तो म्हणाला.

"तू सगळं जगच वजा केलंस, फ्रोडे," सिसेल म्हणाली. "एकेक काढ. काय गळतंय ते बघत जा."

एब्बाने दरम्यान चौकटीत दोन बोटांनी टाइप केलं होतं: लाउस्ट ओडगोर याला कशा प्रकारची पुस्तकं आवडतात? संग्रहाचं उत्तर आलं, काही सापडलं नाही.

सिसेलने मागून वाचलं. "एब्बा, हे यंत्र आहे, शेजारीण नाही. याला गप्पा नको, शब्द हवेत."

मग एब्बाने नुसतं नाव टाकलं. तेव्हा तिला लाउस्ट नावाच्या पाद्र्याचं चरित्र मिळालं, ओडगोर नावाच्या वाडीचा इतिहास मिळाला आणि दोन्ही नावं कुठे ना कुठे आलेली एक खूनकथा मिळाली. नवरा त्यात नव्हता.

"मोठ्या चौकटीत टाकलंस की ते सगळीकडे शोधतं, पुस्तकाच्या नावात, मजकुरात, कुठेही," सिसेल म्हणाली. "तुला लिहिणारा हवाय ना? मग खाली 'परीक्षक' म्हणून वेगळी चौकट आहे, त्यात टाक. पण तुला घरचाच माणूस इथे कशाला शोधायचाय? घरी विचार की त्याला."

"घरी तो बोलत नाही."

"इथे बोलतो," सिसेल म्हणाली आणि तिने कळ दाबली.

सहाशेच्या वर परीक्षणं आली. एब्बा बघतच राहिली. ज्या माणसाने तिला एवढ्या वर्षांत सगळं मिळून इतके शब्द दिले नव्हते, तो इथे पानांवर पानं बोलत होता. तिने वाचायला सुरुवात केली. एका कवितासंग्रहाबद्दल लाउस्टने लिहिलं होतं, "कविता लहान आहेत." सुखी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या एका पुस्तकाबद्दल, "लेखक आनंदी दिसतो." एका थोर माणसाच्या आठशे पानी आत्मचरित्राबद्दल, "लेखकाला स्वतःविषयी खूप माहिती आहे." एब्बाला इतकं हसू आलं की फ्रोडेने तिला पाण्याचा पेला दिला. आणि हसता हसता तिला हेवाही वाटला. आपला नवरा इतका गमतीदार आहे हे बोर्नहोमच्या ग्रंथपालाला ठाऊक, आणि आपण मात्र त्याच्यासमोर बसून जन्मभर मुकाट्याने बटाटे सोलले, हे काही तिला बरं वाटलं नाही.

पुढच्या बुधवारी ती कामाला लागली. त्याला कोणती पुस्तकं फार आवडली ते काढावं म्हणून तिने परीक्षक लाउस्ट ओडगोर आणि शब्द 'अप्रतिम' असं टाकलं. शून्य. 'उत्कृष्ट' टाकलं. शून्य. 'सुंदर' टाकलं, तेव्हा एक आलं, त्यात लिहिलं होतं, "घोड्यांची छायाचित्रं सुंदर आहेत, मजकूर नसता तर बरं झालं असतं."

"याला काहीच आवडलेलं नाही," एब्बा म्हणाली.

सिसेल तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "तू तुझे शब्द टाकतेयस. लिहिणाऱ्याचे टाक. 'अप्रतिम' टाकलंस तर अप्रतिम लिहिणारेच सापडतील, आणि ते लोक कशालाही अप्रतिम म्हणतात. लाउस्टची भाषा आम्हा ग्रंथपालांना पाठ आहे. त्याने 'भाषा समृद्ध आहे' लिहिलं की आम्ही ते पुस्तक घेत नाही. 'वाचता येईल' लिहिलं की एक प्रत. आणि 'वाचायला हरकत नाही' लिहिलं की दोन प्रती मागवतो आणि एक आधी स्वतः घरी नेतो."

एब्बाने अवतरणचिन्हांत टाकलं, 'वाचायला हरकत नाही'. अवतरणचिन्हं घातली की शब्द त्याच क्रमाने, एकत्र असलेलेच सापडतात, हे ती आता शिकली होती. एवढ्या वर्षांत नऊ पुस्तकं आली. नऊच्या नऊ तिने वाचलेली होती, आणि नऊच्या नऊ तिला प्राणाहून प्रिय होती. ही सगळी लाउस्टनेच कधी ना कधी मुकाट्याने तिच्या उशाशी आणून ठेवलेली होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

असं झाल्यावर तिला धीर आला, आणि धीर आला तिथेच घोटाळा झाला. लाउस्टचे शब्द टाकायचे ना? मग लाउस्टने तिला दिलेला शब्द एकच होता. तिने परीक्षकाच्या चौकटीत नवऱ्याचं नाव ठेवलं आणि शेजारी टाइप केलं, 'पुठ्ठा'.

तीन परीक्षणं आली. पहिलं एका जहागीरदाराच्या शिकारीच्या आठवणींचं: "कागद जाड आहे, पुठ्ठा मजबूत आहे." दुसरं मांजरांच्या जन्मपत्रिकांवरच्या पुस्तकाचं: "पुठ्ठा चांगला असल्याने हे पुस्तक दीर्घकाळ टिकेल. ग्रंथालयांनी ही गोष्ट विचारात घ्यावी." तिसरं तिने वाचलं नाही. तिने संगणक बंद केला, सायकल काढली आणि घरी गेली. वाटेत वारा होता म्हणून डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर ढकलता आलं.

तो आठवडा तिने कसाबसा काढला. तिसऱ्या बुधवारी सकाळी लाउस्ट बागेत गेल्यावर तिने टेबलक्लॉथ बाजूला केले, फोल्डर उचलला आणि अंगणातल्या कागदाच्या डब्यात टाकला. कागदाची गाडी त्याच सकाळी यायची होती. तिला वर्गाला जायची मुळीच इच्छा नव्हती, पण त्या दिवशी केकची पाळी तिची होती, आणि त्यूमध्ये माणूस एकवेळ स्वतःच्या बारशाला चुकेल, पण केकची पाळी चुकवणार नाही. तिने सफरचंदाचा केक टोपलीत बांधला आणि गेली.

वर्गात ती केक कापून नुसती बसून राहिली. फ्रोडे मात्र रंगात होता. त्याने ट्रॅक्टर सोडून आता बोटींच्या इंजिनांकडे मोर्चा वळवला होता. 'फेरी' आणि 'डिझेल' असे दोन शब्द टाकून, प्रेम वजा करून, त्याने लिमफ्योर्डमधल्या जुन्या फेरीबोटींच्या इंजिनांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं आणि त्याचं परीक्षण तो ओठ हलवत वाचत होता.

"एब्बा," तो म्हणाला, "तुझ्या पुस्तकाचं नाव काय होतं गं?"

"कशाला?"

"नाही, इथे लाउस्टने लिहिलंय. शेवटी, यासारखी पुस्तकं म्हणून. 'इंजिनांची माहिती येथे पूर्ण आहे. फेरीवर माणसंही असतात हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल, त्यांनी पलीकडचा धक्का वाचावं.' हे तुझंच ना?"

एब्बाने केकची सुरी खाली ठेवली.

"तू तुझ्या पुस्तकाचं नाव टाकून बघितलंस ना आधी?" सिसेलने विचारलं.

"स्वतःचं नाव कोण टाकतं?" एब्बा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्याकडे माणूस आरशातसुद्धा टोपी सरळ आहे की नाही एवढंच बघतो. दोन बुधवार ती त्या यंत्रासमोर बसली होती, जहागीरदाराच्या पुठ्ठ्यापर्यंत जाऊन आली होती, पण आपल्या पुस्तकाचं नाव चौकटीत टाकावं हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. सिसेलही ते सुचवायला धजावली नव्हती.

आता मात्र सिसेलने काही विचारलं नाही. अवतरणचिन्हांत तिने 'पलीकडचा धक्का' टाकलं, जुनं आधी, नवं नंतर असा क्रम लावला आणि संगणकाचा पडदा एब्बाकडे वळवला.

पडदाभर परीक्षणं आली, खाली सरकवलं तर आणखी आली. सगळ्यांखाली लाउस्ट ओडगोर. पहिलं परीक्षण तिचं पुस्तक छापून आल्यानंतर महिन्याभरातलं. एका घटस्फोटाच्या कादंबरीशेवटी: "शांतपणे दुःखी कसं व्हावं यासाठी पलीकडचा धक्का पाहावं." एका खूनकथेशेवटी: "इथे सहा माणसं मरतात आणि वाचकाला काही वाटत नाही. पलीकडचा धक्कामध्ये एकच माणूस मेलेला आहे, तोही पुस्तक सुरू होण्याआधी, आणि आपण शेवटपर्यंत त्याला शोधत राहतो." दोरखंडाच्या गाठींवरच्या एका पुस्तकाशेवटीसुद्धा होतं, आणि गाठींचा त्याच्याशी काय संबंध हे काही लाउस्टला पटवून देता आलेलं नव्हतं. राजधानीतल्या एका गाजलेल्या लेखकाबद्दल त्याने लिहिलं होतं, "लेखकाला एकटेपणाबद्दल सांगायला चारशे पानं लागली. पलीकडचा धक्कातली तिकीटवाली कॉफीचा कप पुढे सरकवते त्या वाक्यात हे सगळं आहे. ते वाक्य बदलता येणार नाही. मी करून पाहिलं."

एब्बाने हे वाक्य पुन्हा वाचलं, मग पुन्हा. त्याने ते पुस्तक वाचलं होतं. एकदा नाही, इतक्यांदा की त्याला ते वाक्यावाक्याने ठाऊक होतं.

"हे नियमात बसत नाही," फ्रोडे म्हणाला. त्याला नियमांची चाड होती. "घरच्या माणसाच्या पुस्तकाची शिफारस करायची नसते ना, सिसेल?"

"नसते," सिसेल म्हणाली. "पण मला हे नीट दिसत नाहीये. मी आज चष्मा आणला नाही." चष्मा तिच्या नाकावरच होता. मग ती एब्बाला हळूच म्हणाली, "आमच्याकडे तुझ्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. तिन्ही फाटत आल्यात."

तेवढ्यात खिडकीबाहेरून कागदाची गाडी गेली, त्यांच्या रस्त्याकडून आलेली, भरलेली.

एब्बा उठली ती टोपी न घालताच. घरी जाताना वारा समोरून होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने कशी सायकल चालवावी याचे जे काही संकेत असतील ते तिने त्या दिवशी सगळे मोडले. डबा उघडला तर आत तळाला पावसाचं पाणी तेवढं होतं. ती डब्याला धरून उभी राहिली. सहा वर्षं गेली होती, आणि दुसरी प्रत नव्हती.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा लाउस्ट टेबलापाशी बसलेला होता. बागेतले बूट पायातच, जमिनीवर माती. त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता आणि प्लॅस्टिकचा फोल्डर पलीकडे, धुऊन, पुसून, सुकायला उभा केलेला.

"फोल्डर कागदाच्या डब्यात टाकलास," तो मान वर न करता म्हणाला. "तो प्लॅस्टिकमध्ये जातो. गेली बारा वर्षं सांगतोय."

एब्बा खुर्चीवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना. लाउस्टने पान उलटलं.

"मी परीक्षणं वाचली," ती म्हणाली. "तुझी. माझ्या पुस्तकाचं नाव असलेली सगळी."

लाउस्टच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्याचे कान लाल झाले, मग मान. "ते नियमाला धरून नव्हतं," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने पान गठ्ठ्यावर ठेवलं. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नवरा आहे म्हणून बोलतो. ग्रंथालयांना सांगितलं. ती लोकं विचार करून घेतात."

"आणि मला पुठ्ठा?"

लाउस्टने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तो खरोखर गोंधळला होता. "तू विचारलंस तेव्हा पुस्तक नुकतंच खोक्यातून काढलेलं होतं, एब्बा. मी ते उघडलंही नव्हतं. पुठ्ठ्याशिवाय मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. नंतर वाचलं. तू पुन्हा विचारशील म्हणून मी वाट बघत होतो."

"किती दिवस?"

"अजून बघतोच आहे."

एब्बाला चौदा वर्षांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदम बाहेर पडायला जागाच नव्हती. ती उठली, तिने कॉफी टाकली, कप त्याच्यापुढे ठेवला. मग ती स्वतःला भीती वाटत असतानाच म्हणाली, "मग आता विचारते. पहिलं कसं होतं, आणि हे कसं आहे?"

"हे अजून संपलेलं नाही," लाउस्ट म्हणाला. "संपू दे. तू जरा बाहेर बस."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. दुपार झाली, बटाटे शिजवायचे राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा लाउस्ट बाहेर आला आणि तिच्याशेजारी बसला. त्याने दोनदा घसा साफ केला.

"हे पुस्तक ग्रंथालयवाले मला परीक्षणाला देणार नाहीत," तो म्हणाला.

"नाही देणार."

"मग मलाच सांगायला पाहिजे." तो फ्योर्डकडे बघत राहिला. "पहिलं मला फार आवडलं होतं. हे त्याहून आवडलं. भाऊ गाय विकायला नेतो तिथे मला थांबावं लागलं. तू पाठव हे. उद्याच पाठव." एवढं बोलून त्याला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एब्बा टपाल टाकून परत आली तेव्हा बागेतल्या खांबावर झेंडा चढलेला होता. घरात कोणाचा वाढदिवस असला की चढवतात तो. कुंपणाबाहेर फ्रोडे सायकलवरून उतरून उभा होता.

"आज कोणाचा वाढदिवस रे?" तो लाउस्टला विचारत होता.

"कोणाचा नाही," लाउस्ट म्हणाला. इतक्या मोठ्याने की रस्त्यापलीकडच्या घरात पडदा हलला. "माझ्या बायकोने दुसरं पुस्तक लिहिलंय. मी वाचलंय. ते अप्रतिम आहे."

फ्रोडेने इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या रस्त्यावर असं कोणी कधी बोललं नव्हतं, आपल्या माणसाबद्दल तर नाहीच. कुंपणाआड उभ्या एब्बाला रडू कोसळलं, आणि या खेपेस ते वाऱ्यावर ढकलावं असं तिला वाटलं नाही.